पाणबुडीचा कप्तान, पाळक आणि हिटलरचा कैदी : मार्टिन नीमोलर

मार्च महिना आला की आपल्या महाड-पोलादपूरच्या तरुणांच्या फोनवर चवदार तळ्याचे फोटो फिरू लागतात. याच गटांमध्ये वर्षातून चार-पाच वेळा तरी एका जर्मन धर्मोपदेशकाच्या नावाने काही ओळीही फिरतात. एकेका समाजगटाला उचलून नेले, आपण त्यांच्यातले नव्हतो म्हणून गप्प बसलो, आणि आपली पाळी आली तेव्हा बोलायला कुणी उरले नव्हते, असा त्यांचा आशय. कुठे अत्याचाराची घटना घडली, एखाद्या कार्यकर्त्याला अटक झाली की या ओळी हमखास येतात. खाली नाव असते मार्टिन नीमोलर. हा माणूस कोण, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. बहुतेकांना वाटते, असेल कुणी कवी. किंवा हिटलरशी पहिल्या दिवसापासून लढलेला एखादा क्रांतिकारक.

दोन्ही समज चुकीचे आहेत. ६ मार्च हा नीमोलर यांचा स्मृतिदिन. २० मार्चच्या क्रांतिदिनाच्या अगदी दोन आठवडे आधी तो येतो, म्हणून यंदा आम्ही त्यांचे चरित्र वीरमधल्या आमच्या तरुण मंडळींपुढे मांडायचे ठरवले. ते जसे आहे तसे, डाग न पुसता.

नीमोलर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी जर्मनीतल्या वेस्टफालिया भागात लिपश्टाट या गावी झाला. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा ते नऊ महिन्यांनी लहान. वडील हाइन्रिख नीमोलर प्रोटेस्टंट पाळक होते. सम्राट, देश आणि धर्म या तीन गोष्टी त्या घरात वेगळ्या नव्हत्या. एकाची सेवा म्हणजे तिघांची सेवा. मुलाने १९१० साली नौदलात प्रवेश घेतला. पहिल्या महायुद्धात तो पाणबुड्यांवर होता आणि १९१८ साली यूसी-६७ या पाणबुडीचा कप्तान झाला. शत्रूची जहाजे बुडवली, आयर्न क्रॉस हे पदक मिळवले. जर्मनी हरल्यावर पाणबुड्या इंग्रजांच्या ताब्यात नेऊन देण्याचा हुकूम आला, तो या कप्तानाने मानला नाही. सम्राट गेला, प्रजासत्ताक आले. ते प्रजासत्ताकही त्यांना कधी आपले वाटले नाही.

१९१९ साली नौदल सोडले, एल्से ब्रेमर यांच्याशी लग्न केले आणि वेर्सेन या गावी शेतीकाम शिकायला गेले. पण पैशाची किंमत घसरत चालली होती, स्वतःची जमीन घेणे आवाक्यात राहिले नाही. मग म्युन्स्टरच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला बसले. या शिक्षणाच्या काळात संसार चालवण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या रुळांवर मजुरी केली. रोहा-वीर मार्ग सुरू होण्याआधी ज्यांच्या घरातली माणसे कोकण रेल्वेच्या भरावावर राबली, त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको. नीमोलर म्युन्स्टरमध्ये शिकत होते त्याच काळात, १९२१ साली, बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. एकाच देशात, एकाच वयाची, दोन टोकांची माणसे.

टोक म्हणायचे ते अशासाठी, की १९२० साली रूर भागात कामगारांचा उठाव झाला तेव्हा नीमोलर विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचे प्रमुख होऊन तो मोडायला गेले होते. पुढे १९२४ साली ते दीक्षित पाळक झाले, काही वर्षे चर्चच्या सेवाभावी कामाचे व्यवस्थापन पाहिले आणि १९३१ साली बर्लिनच्या डालेम या उपनगरात त्यांची नेमणूक झाली. श्रीमंतांची, अधिकाऱ्यांची, प्राध्यापकांची वस्ती. युद्धात पदक मिळवलेला पाळक तिथे लोकप्रिय न होता तरच नवल.

आता जो भाग फोनवर फिरत नाही तो. नीमोलर यांनी १९२४ साली आणि पुन्हा मार्च १९३३ मध्ये हिटलरच्या पक्षाला मत दिले होते. देशाला खंबीर नेता हवा, कम्युनिस्टांचा बंदोबस्त व्हायला हवा, जुना अभिमान परत यायला हवा, असे त्यांना वाटे. त्या वसंत ऋतूत कम्युनिस्ट आणि कामगार पुढारी छळछावण्यांत जाऊ लागले, १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. डालेमचा पाळक त्याविरुद्ध काही बोलला नाही. जे चालले होते त्यातले बरेचसे त्यांना मान्यच होते.

मग ठिणगी कुठे पडली? ७ एप्रिल १९३३ रोजी सरकारी नोकऱ्यांबद्दल कायदा झाला. त्यातल्या एका कलमाने आर्य नसलेल्यांना नोकरीतून काढायची सोय केली. आजी-आजोबांपैकी एक जण जरी ज्यू निघाला तरी माणूस अनार्य. नाझींना मानणाऱ्या ख्रिस्ती गटाने हेच कलम चर्चमध्येही लागू करायचे ठरवले आणि सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या धर्मसभेत तो ठराव मंजूरही करून घेतला. म्हणजे एखाद्या ज्यू घराण्यातल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला असेल, पाळक होऊन वर्षानुवर्षे उपदेश केला असेल, तरी त्याचे रक्त आधी तपासायचे. असे पाळक संपूर्ण जर्मनीत मोजकेच होते. पण नीमोलर यांच्या लेखी हा चर्चवर घाला होता. बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ती होतो की आजोबांच्या दाखल्याने, हे सरकार कसे काय ठरवणार?

याच महिन्यात त्यांनी पाळकांची एक आपत्कालीन संघटना उभी केली. तरुण धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर त्यात सोबत होते. चार महिन्यांत सुमारे ७,००० पाळक सभासद झाले. ही गोष्ट लहान नाही. हिटलर सत्तेवर येऊन वर्षही झाले नव्हते. पण त्याच नोव्हेंबरमध्ये नीमोलर यांनी असेही लिहिले की ज्यू वंशाच्या पाळकांनी लोकांच्या भावना लक्षात घेऊन मोठी पदे स्वीकारू नयेत, जरा मागे राहावे. हक्क आहे, पण वापरू नका. हा सल्ला आपल्या लोकांनी किती जणांकडून, किती वेळा ऐकला आहे! गावात तुम्हाला कोण अडवतो, पण मिरवणूक तेवढी त्या आळीतून नेऊ नका, असे सांगणारे सज्जन आपल्या तालुक्यात आजही भेटतात.

इथे जरा थांबावेसे वाटते. जन्माने चिकटलेली ओळख धर्म बदलल्याने जाते का, हा प्रश्न जर्मनीपेक्षा आपल्या जास्त ओळखीचा आहे. नाझी म्हणाले, जात नाही. आपले गावगाडे म्हणतात, जात नाही. कायदा मात्र आपल्याकडे गंमत करतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ साली शिखांना त्यात घेतले, आणि बौद्धांना त्यासाठी १९९० साल उजाडेपर्यंत झगडावे लागले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत. त्यांच्या मागणीचा विषय आपल्या बैठकांत काढला की सभागृहात एकदम शांतता पसरते. आमचा वाटा कमी होईल का, हा प्रश्न डोळ्यांत दिसतो. भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. वाट्याचे गणित खरेच सोडवावे लागेल. पण ती शांतता आम्हाला १९३३च्या डालेमची आठवण करून देते.

नीमोलर यांच्या धैर्याबद्दल मात्र शंका घेऊ नये. २५ जानेवारी १९३४ रोजी हिटलरने चर्चच्या पुढाऱ्यांना बोलावले. बैठक सुरू होताच गोअरिंगने एक कागद वाचायला घेतला : त्याच सकाळी नीमोलर फोनवर काय बोलले त्याची नोंद. फोन चोरून ऐकला जात होता. सगळे बिशप गारठले. हिटलरने दरडावले की जर्मन लोकांची काळजी माझ्यावर सोडा. निरोपाच्या वेळी नीमोलर यांनी त्याला तोंडावर सांगितले की ही जबाबदारी देवाने आमच्यावरही टाकली आहे आणि ती कुणी काढून घेऊ शकत नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या घराची झडती झाली. सोबतच्या बऱ्याच बिशपांनी थोड्याच दिवसांत सरकारशी जुळवून घेतले. उरलेल्यांनी मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जाहीरनामा काढला. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांचा त्यात मोठा हात होता. चर्चवर सरकारची हुकमत चालणार नाही, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. ज्यूंबद्दल त्यात एक शब्द नाही.

ज्यूंबद्दल लिहिले ते एका शाळामास्तरणीने. एलिझाबेथ श्मिट्झ यांचे नाव आम्हाला मुद्दाम इथे घ्यायचे आहे, कारण चळवळींच्या इतिहासात बायकांची नावे अशीच गळतात. बर्लिनमध्ये शिकवणाऱ्या या बाईंनी १९३५ साली ज्यूंच्या हालअपेष्टांचे टिपण तयार केले : शाळेत मुलांना कसे छळतात, दुकानदार कसे उद्ध्वस्त होतात, आणि चर्च कसे गप्प आहे. स्वतः त्याच्या सुमारे २०० प्रती काढून त्यांनी चर्चच्या प्रमुखांना पोहोचवल्या. विरोध करणाऱ्या चर्चनेही ते टिपण चर्चेला घेतले नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, तेव्हा या सरकारच्या शाळेत मी शिकवू शकत नाही म्हणून त्यांनी नोकरी सोडली. १९७७ साली त्या गेल्या तेव्हा अंत्यविधीला मोजकी माणसे होती, आणि ते टिपण त्यांचेच हे लोकांना कळायला पुढे वीसेक वर्षे लागली.

१ जुलै १९३७ रोजी नीमोलर यांना अटक झाली. त्याच वर्षी १७ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूने दिला होता. इथे न्यायालयाचे दार उघडत होते, तिथे बंद होत होते. खटल्यात नीमोलर यांनी आपली युद्धातली कामगिरी आणि देशभक्ती पुढे केली. ज्यूंबद्दल आपल्याला प्रेम नाही, हेही सांगितले. २ मार्च १९३८ रोजी विशेष न्यायालयाने सात महिन्यांची शिक्षा आणि दंड सुनावला. तेवढी कैद आधीच भोगून झाली होती, म्हणजे ते सुटायला हवे होते. हिटलर संतापला. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला गेस्टापो पोलिसांनी परस्पर साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत नेले, हिटलरचा खासगी कैदी म्हणून. आरोप नाही, मुदत नाही. निकालाला न जुमानता माणसाला आत ठेवण्याचे तंत्र नवे नाही, एवढेच आम्ही म्हणू.

एकांतकोठडीत त्यांची घालमेल झाली. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी तुरुंगातूनच नौदलात परत घेण्याची विनंती केली. ज्या सत्तेने कोंडले तिच्याच बाजूने लढायला हा माणूस तयार होता. देश आणि सरकार वेगळे करायला त्यांना जमत नव्हते. विनंती फेटाळली गेली. याच कोठडीत त्यांनी कॅथलिक पंथात जाण्याचाही विचार केला. पत्नी एल्से यांनी कडाडून विरोध केला आणि तो विचार मागे पडला. १९४१ साली त्यांना दाखाउला हलवले. बाहेर इंग्लंड-अमेरिकेत त्यांच्या नावाने प्रार्थना होत होत्या, १९४०च्या डिसेंबरमध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ते झळकले. या प्रसिद्धीनेच बहुधा त्यांचा जीव वाचवला. ज्यांना अशी प्रसिद्धी नव्हती ते वाचले नाहीत. खेड्यातला पाळक पाउल श्नायडर १९३९ साली बुखेनवाल्डमध्ये मारला गेला. हिटलरविरुद्धच्या कटात सामील असलेल्या बोनहोफरना ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर दिले.

मे १९४५ मध्ये नीमोलर सुटले. जून महिन्यात नेपल्सला पत्रकारांसमोर त्यांनी सांगितले की आपले भांडण धर्मापुरते होते, राजकारणाशी नव्हते. अमेरिकेत एकच गहजब उडाला. ज्याला हुतात्मा म्हणून डोक्यावर घेतले, तो असे बोलतो?

त्यानंतरच्या काही महिन्यांत त्यांच्यात जे घडले, त्यासाठी आम्हाला हे चरित्र सांगावेसे वाटले. त्या शरद ऋतूत ते एल्सेंना घेऊन दाखाउची कोठडी दाखवायला गेले. तिथे स्मशानभट्टीजवळ एक फलक लावला होता : १९३३ ते १९४५ या काळात इथे किती माणसे जाळली गेली त्याचा. एल्से आकडा पाहून हादरल्या. नीमोलर यांची नजर सालांवर खिळली. १९३७ पासून आपण कैदेत होतो, त्या वर्षांचा जाब आपल्याला कुणी विचारणार नाही. पण १९३३ ते १९३७? ही चार वर्षे आपण मोकळे होतो, हातात मोठे व्यासपीठ होते, शहरभर लोक ऐकायला येत होते. तेव्हा कम्युनिस्टांना नेत होते, आणि त्यांचे काय होते हे आपण विचारलेही नाही. पुढे कित्येक सभांत त्यांनी ही हकिकत स्वतः सांगितली.

ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्टला चर्चने अपराधाची कबुली जाहीर केली, त्यात नीमोलर पुढे होते. मग वर्ष-दोन वर्षे ते जर्मनीभर फिरले. भुकेल्या, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या लोकांना ते सांगत होते की दोष फक्त हिटलरचा नाही, आपला आहे, माझा आहे. लोकांना हे नको होते. जानेवारी १९४६ मध्ये एर्लांगेनला विद्यार्थ्यांनी भाषणात गोंधळ घातला. त्या गाजलेल्या ओळी याच भाषणांतून आल्या आहेत. त्या कविता म्हणून लिहिल्या गेल्या नाहीत. ते बोलत, आणि प्रत्येक वेळी नावे थोडी बदलत. कम्युनिस्ट, कामगार संघटना, ज्यू, कधी असाध्य आजारी आणि अपंग माणसेही, ज्यांना नाझींनी जगण्यास नालायक ठरवून मारले.

इतके बोलणारा माणूस सगळ्या बाबतींत सुधारला होता असेही नाही. १९४८ साली दोस्तराष्ट्रांनी नाझी पक्षाच्या लोकांची छाननी चालवली होती, तेव्हा आपल्या पाळकांनी त्यात भाग घेऊ नये असे त्यांनीच सांगितले. आमच्या मते ती चूक होती.

महाडच्या माणसाला हे वाचताना तुलना सुचल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाबासाहेबांनी लिहिले होते की नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांचे अस्पृश्यांशी वागणे यांत विचाराने वा परिणामाने काही फरक नाही. मग नीमोलर यांच्या जागी आपल्याकडे कोण होते? महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ सालीच या पालिकेने केला होता. अनंतराव चित्रे होते. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते, ज्यांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला. आणि फत्तेखान होते : सवर्णांपैकी कुणी परिषदेला जागा देईना तेव्हा त्यांनी आपली जमीन दिली. यांतल्या कुणाच्याही घरावर चाल झालेली नव्हती. पाणी त्यांना मिळतच होते. जेधे-जवळकरांनी पाठिंब्यासाठी अट घातली की ब्राह्मणांना सत्याग्रहात घेऊ नका. बाबासाहेबांनी ती नाकारली. नीमोलर यांना जे कळायला कैदेची जवळपास आठ वर्षे लागली, ते या माणसांना घरी बसून कळले होते. तरीही जगात नीमोलर माहीत आहेत आणि वीर स्टेशनला उतरून २० मार्चला महाडला जाणाऱ्या आपल्याच हजारो तरुणांना टिपणीस-फत्तेखान ही नावे सांगता येत नाहीत. हे आपण बदलू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट. कामानिमित्त आम्ही महाड-पोलादपूरच्या कातकरी वाड्यांवर जातो. पावसाळा संपला की माणसे वीटभट्टीवर, कोळसा पाडायला निघून जातात. मुलांची शाळा सुटते, उचल घेतलेल्याची सुटका होत नाही. या वाड्या आपल्या बौद्धवाड्यांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिथे मारहाण झाली, घराखालच्या जागेचा वाद आला, की आपल्या किती समित्या धावून जातात? काही जातात, त्यांना आम्ही पाहिले आहे. बाकीच्या समित्यांच्या फोनवरही नीमोलर यांच्या ओळी असतात.

त्या ओळींचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. जो तो त्यात आपल्याला हवी ती नावे घालतो, नकोशी गाळतो. वॉशिंग्टनच्या ज्यू-संहार स्मारक संग्रहालयात त्या लावल्या आहेत, पण तिथे सुरुवात समाजवाद्यांपासून होते. नीमोलर स्वतः सुरुवात कम्युनिस्टांपासून करत, कारण त्यांना त्यांचा मनापासून तिटकारा होता आणि तोच मुद्दा होता. आपल्याकडच्या मराठी रूपांत आम्ही कधी मुस्लिम गायब पाहिले, कधी आदिवासी, कधी ख्रिस्ती. पुढच्या वेळी या ओळी पाठवण्याआधी आपल्या यादीत कोण नाही ते बघा.

उरलेले आयुष्य त्यांनी शांततेच्या कामात घालवले. १९४७ पासून सतराएक वर्षे ते हेसेन-नासाउच्या चर्चचे अध्यक्ष होते. जर्मनीच्या पुन्हा शस्त्रसज्ज होण्याला त्यांनी विरोध केला. ज्या कम्युनिस्टांविरुद्ध तरुणपणी बंदूक उचलली, त्यांच्या मॉस्कोला १९५२ साली गेले आणि देशद्रोही म्हणून शिव्या खाल्ल्या. १९५४ साली अणुशास्त्रज्ञांशी बोलणे झाल्यावर हा जुना पाणबुडीवाला पक्का युद्धविरोधी झाला. १९५९ साली सैनिकी शिक्षणाबद्दल इतके जहाल बोलले की त्यांच्यावर खटल्याची वेळ आली. ऑगस्ट १९६१ मध्ये मोटार अपघातात एल्से गेल्या. त्याच वर्षअखेरीस नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात त्यांची एका अध्यक्षपदावर निवड झाली. व्हिएतनामवर अमेरिकन बॉम्ब पडत असताना ते हनोईला जाऊन हो ची मिन्ह यांना भेटले. १९७१ साली त्यांनी दुसरे लग्न केले.

६ मार्च १९८४ रोजी वीसबाडेन येथे वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सम्राटाची पाणबुडी सोडून ज्या वेर्सेनला ते शेतीकाम शिकायला गेले होते, तिथेच त्यांना पुरले आहे.